मेंदूवरील वाढता दाब आणि तातडीचे उपचार

स्तनाच्या अथवा फुप्फुसाच्या कर्करोगावरील उपचार संपवून रुग्ण घरी परततो. काही महिने बरे जातात. मग एखाद्या पहाटे डोके ठणकू लागते, उलटी होते, आणि उलटीनंतर थोडे हलके वाटते. घरची मंडळी त्याला पित्त म्हणतात. पुढे रुग्ण सारखा झोपू लागला की 'अशक्तपणा आहे, पडू द्या' असा सल्ला मिळतो. मायेपोटी दिलेला हा सल्ला कित्येकदा घातक ठरतो. कारण ती झोप नसून शुद्ध हरपण्याचा आरंभ असू शकतो.

कवटी ही हाडांची बंद पेटी आहे. तीत मेंदू, रक्त आणि मस्तिष्कद्रव यांपैकी एकाचे आकारमान वाढले, तर इतरांना जागा सोडावी लागते, हे तत्त्व एडिंबरोचे अलेक्झांडर मन्रो यांनी १७८३ मध्ये आणि पुढे जॉर्ज केली यांनी मांडले. कर्करोगाच्या पेशी रक्तावाटे मेंदूत रुजतात. गाठ लहान असली तरी तिच्याभोवतीची सूज मोठी असू शकते. निरोगी प्रौढात पारा-मापाने ७ ते १५ मिलिमीटर असणारा दाब मग वाढत जातो आणि अखेर मेंदूचा भाग खाली सरकून श्वसनकेंद्र दाबले जाते. नाडी मंद, रक्तदाब चढा आणि श्वास अनियमित, ही तिन्ही लक्षणे एकत्र दिसणे म्हणजे फार उशीर झाल्याची खूण होय.

अशा रुग्णाचे डोके व खांदे सुमारे ३० अंश उंच ठेवावेत. मान सरळ असावी. गुंगीत असलेल्यास पाणी वा चहा पाजू नये. उलटी अथवा झटका आल्यास त्यास कुशीवर वळवावे, तोंडात चमचा किंवा बोट घालू नये. महाराष्ट्रात २०१४ पासून चालू असलेल्या १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेस बोलवावे आणि जुने कागदपत्र सोबत द्यावेत. कांदा हुंगविण्यात जाणारा वेळ परत मिळत नाही.

रुग्णालयात प्रथम श्वासमार्ग व प्राणवायू पाहिला जातो. दाब झपाट्याने उतरविण्यासाठी २० टक्के मॅनिटॉल, शरीराच्या दर किलो वजनास अर्धा ते एक ग्रॅम या मानाने, शिरेवाटे देतात. थंडीत या बाटलीत स्फटिक धरतात. ते कोमट पाण्यात विरघळवून, द्रावण निवल्यावरच वापरावे लागते. साखर कमी नसताना ग्लुकोजचे साधे पाणी चढविल्यास सूज वाढण्याचा धोका असतो. केवळ रक्तदाबाचा आकडा पाहून तो घाईने उतरविणेही चुकीचे, कारण त्याच दाबावर मेंदूला रक्त पोचत असते. तसेच स्कॅनपूर्वी पाठीच्या कण्यातून पाणी काढू नये.

गाठीभोवतीच्या सुजेवर डेक्सामेथासोन हे औषध गुणकारी आहे. अमेरिकेतील मिनेसोटा येथील गॅलिसिच व फ्रेंच यांनी १९६१ मध्ये त्याचा अनुभव प्रसिद्ध केला. गंभीर अवस्थेत साधारणतः १० मिलिग्रॅमचे इंजेक्शन आणि नंतर दर सहा तासांनी ४ मिलिग्रॅम, अशी मात्रा डॉक्टर ठरवितात. त्याचा गुण काही तासांनी दिसू लागतो. मात्र गाठ त्याने जात नाही. ते शस्त्रक्रियेस व किरणोपचारास अवधी मिळवून देते. तो अवधी किती मोलाचा, हे केंटकी येथील पॅचेल यांच्या १९९० मधील अभ्यासाने दाखविले : एकच गाठ असलेल्या ज्या रुग्णांवर शस्त्रक्रिया व किरणोपचार दोन्ही झाले, ते सरासरी ४० आठवडे जगले, केवळ किरणोपचार झालेले १५.

घरी परतल्यावर बरे वाटते म्हणून अनेकजण या गोळ्या एकाएकी बंद करतात, आणि सूज पुन्हा उसळते. मात्रा टप्प्याटप्प्याने, डॉक्टरांच्या सांगण्यावरूनच कमी करावयाची असते, आणि मधल्या काळात रक्तातील साखर तपासावयाची असते.