रेमोची स्कूटर, पप्पांची स्कूटर

एपिसोडला यावेळी दोन आठवडे उशीर झालाय, माहितीये मला. ऑफिसमध्ये रिलीज होतं, रात्री घरी यायला बारा वाजत होते, आणि बाराला माइक लावला की आई दार वाजवते. असो. आज आलोय.

आजचा विषय आहे रेमो फर्नांडिस. नाव ओळखीचं वाटत नसेल तरी आवाज नक्की ऐकलाय तुम्ही. १९९५ च्या 'बॉम्बे' सिनेमातलं हम्मा हम्मा आठवतंय? रहमानचं. मूळ गाणं म्हणतोय मी, नंतरचं रिमिक्स नाही. त्यातला तो खरखरीत, मस्तीतला आवाज रेमोचा. बहुतेकांसाठी रेमो म्हणजे तेवढंच. आज मला त्याच्या अकरा वर्षं आधीची गोष्ट सांगायचीय. १९८४ ची. तिच्यात एक कॅसेट आहे आणि एक स्कूटर आहे.

पण मी रेमोपर्यंत पोचलो कसा ते आधी सांगतो. सकाळी बदलापूरहून ट्रेन पकडणाऱ्यांना वेगळं सांगायला नको, एकदा आत घुसलात की ठाण्यापर्यंत हात खिशापर्यंत जात नाही. त्यामुळे चढायच्या आधी जे लावलंय तेच ऐकायचं. एक दिवस मी एल्विस कॉस्टेलोचा पहिला अल्बम लावला होता. इंग्लंडचा गायक. स्वतः लिहितो, स्वतः गातो. १९७६-७७ मध्ये तिकडे पंक आलं, तीन कॉर्ड आणि भरपूर राग. त्याच्या पाठोपाठ न्यू वेव्ह आलं. घाई तीच, पण चाली जास्त गोड आणि शब्द जास्त तिरकस. कॉस्टेलो त्या लाटेतला.

घरी येऊन वाचलं तर काय, हा माणूस तेव्हा लंडनमध्ये एका सौंदर्यप्रसाधनांच्या कारखान्यात कॉम्प्युटर ऑपरेटर होता! म्हणजे जवळजवळ आपल्यातलाच. लग्न झालेलं, घरी लहान मूल, गाणी लिहायची ती ट्रेनच्या प्रवासात. अल्बम रेकॉर्ड केला एका छोट्या आठ ट्रॅकच्या स्टुडिओत, कामाला दांड्या मारून. पुढची गोष्ट मला फार आवडते. जुलै १९७७ मध्ये लंडनच्या एका मोठ्या हॉटेलात एका रेकॉर्ड कंपनीचं संमेलन होतं. हा पठ्ठ्या गिटार आणि बॅटरीवरचा छोटा अॅम्प्लिफायर घेऊन हॉटेलबाहेर फुटपाथवर उभा राहिला आणि आतल्या साहेब लोकांना ऐकू जाईल असं गायला लागला. पोलिसांनी उचलून नेलं. आणि नंतर त्याच कंपनीनं त्याला अमेरिकेसाठी करारबद्ध केलं.

मग मला प्रश्न पडला, त्या काळात आपल्याकडे असं कोण करत होतं? शोधत शोधत गोव्यात पोचलो.

रेमोचा जन्म ८ मे १९५३ चा, पणजीचा. कॉस्टेलोपेक्षा तो सव्वा वर्षानं मोठा. त्याच्या लहानपणी गोव्यात पोर्तुगीजांचं राज्य होतं. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला तेव्हा तो आठ वर्षांचा होता. शाळेत असतानाच मित्रांचा बँड. मग मुंबईला आला आणि सर जे. जे.च्या कॉलेजात आर्किटेक्चर शिकला. त्याच काळात 'द सॅव्हेजेस' या गाजलेल्या बँडमध्ये वाजवायचा. डिग्री घेतली आणि धंदा केला गाण्याचा. (आमच्या बीटेकच्या बॅचमधले ऐकत असतील तर हसू नका.) १९७७ ते १९८० अशी जवळजवळ तीन वर्षं तो युरोप आणि उत्तर आफ्रिकेत फिरला, लोकांच्या गाड्यांना हात दाखवत, रस्त्यावर गात.

परत आला तो मुंबईत न राहता गोव्यातच. बार्देशातलं शिवोली हे त्याच्या घराण्याचं गाव. आता त्याच्याकडे गाणी होती. इंग्रजीत होती, पण गोव्यावरची. इथली माणसं, इथले पर्यटक, इथलं राजकारण. मुंबईतल्या कंपन्यांना त्यात काही रस नव्हता. इंग्रजी ऐकणारे लोक परदेशी गाणी ऐकतात, इथल्या पोराची कोण घेणार, असा एकंदर हिशोब.

तेव्हा त्यानं काय केलं? घरीच रेकॉर्ड केलं. चार ट्रॅकच्या पोर्टास्टुडिओवर.

इथे थोडं टेक्निकल होऊ दे, कारण मला त्याशिवाय मजा येत नाही. टीअॅक कंपनीनं १९७९ मध्ये पोर्टास्टुडिओ बाजारात आणला. साधी कॅसेट असते ना, तिच्या एका बाजूला दोन ट्रॅक, उलटी केली की दुसरे दोन. या मशीननं ते चारही ट्रॅक एकाच दिशेनं वापरले. म्हणजे बी साइड गेली. शिवाय आवाज स्वच्छ यावा म्हणून टेप दुप्पट वेगानं फिरायची. साठ मिनिटांच्या कॅसेटमध्ये तुम्हाला मिळायची फक्त पंधरा मिनिटं.

आणि ट्रॅक चारच. एकावर ड्रम, एकावर बेस, एकावर गिटार. आता गायचं कुठे? कोरस कुठे? बासरी कुठे? तर पहिले तीन ट्रॅक एकत्र करून चौथ्यावर उतरवायचे आणि ते तीन मोकळे करून त्यांवर पुढचं वाजवायचं. पण एकदा उतरवलं की संपलं. नंतर वाटलं, बेस जरा जास्त झालाय, तर काही करता येत नाही. अनडू नाही. बॅकअप नाही. आणि प्रत्येक वेळी टेपची ती 'श्शऽऽ' आणखी वाढते. म्हणजे पुढे काय काय लागणार हे सगळं आधीच डोक्यात पक्कं पाहिजे. ब्रूस स्प्रिंगस्टीननं १९८२ चा 'नेब्रास्का' घरी याच मशीनवर केला होता. पण त्यात मुख्यतः तो, गिटार आणि माउथ ऑर्गन. रेमोला अख्खा बँड वाजवायचा होता, एकट्यानं.

तर 'गोअन क्रेझी', १९८४. लिहिणं, चाल, गाणं, सगळी वाद्यं, मिक्सिंग, कव्हरचं डिझाइन, सगळं त्याचंच. रेमोबद्दल कुठेही वाचा, इथपर्यंतची गोष्ट सगळे सांगतात. एकट्यानं सगळं केलं, काय माणूस आहे! मीही मित्रांना हीच सांगायचो. पुढचं एक वाक्य असतं, ते मी कायम घाईत वाचून सोडून द्यायचो. ते असं, की कॅसेट तयार झाल्यावर त्या स्कूटरवर घालून तो स्वतः गोव्यातल्या दुकानादुकानांत द्यायला जायचा.

आता थोडं घरचं सांगतो.

आमच्याही घरी स्कूटर होती. माझे पप्पा जीन्स विकायचे. उल्हासनगरला, कॅम्प पाचला, गल्लोगल्ली जीन्स शिवणारे कारखाने आहेत, तुम्हाला माहीतच असेल. तिथून माल उचलायचा आणि अंबरनाथ, बदलापूर, पुढे वांगणी, नेरळपर्यंतच्या दुकानांत द्यायचा. एक गठ्ठा पायाशी, एक मागच्या सीटवर बांधलेला. सुट्टीत मी पप्पांबरोबर जायचो. गठ्ठा आणि पप्पा यांच्या मधे जेवढी जागा उरेल तेवढ्यात बसायचो.

मी आठवीत होतो. बदलापुरातल्या एका दुकानात पप्पा सॅम्पल घेऊन आत गेले, मी बाहेर स्कूटर धरून उभा. दुकानदारानं त्यांना काउंटरपाशी ताटकळत ठेवलं. अर्धा तास तरी असेल. गिऱ्हाईक येतंय, जातंय, पप्पा हातात घडी घेऊन उभे. तेवढ्यात माझ्या वर्गातला एक मुलगा त्याच्या आईबरोबर त्याच दुकानात आला. त्यानं मला बघितलं, हात केला. विचारलं, "तू इथे काय करतोयस?"

मी म्हटलं, "काही नाही, असाच." आणि स्कूटर स्टँडवर लावून चालत पुढच्या वळणापर्यंत गेलो. जणू ती माझी नाहीच.

पप्पा बाहेर आले, मला शोधलं, काही विचारलं नाही. दुकानदार म्हणाला होता, पुढच्या आठवड्यात या. पुढच्या आठवड्यात पप्पा परत गेले. मी नाही गेलो. नंतर कधीच नाही गेलो. क्लास आहे, अभ्यास आहे, काहीतरी सांगायचो.

आता मी सत्तावीसचा आहे. नोकरी आहे, लॅपटॉप आहे, त्यात फुकटचं सॉफ्टवेअर आहे ज्यात ट्रॅक किती घ्यायचे याला मर्यादाच नाही. गेल्या चार वर्षांत मी अकरा गाणी केलीत. मराठीत. ट्रेनवर आहेत, वालधुनीवर एक आहे, असंच आपल्या इकडचं. ही गोष्ट या पॉडकास्टवर मी पहिल्यांदा सांगतोय, कारण ती अकराही गाणी मी वेगळ्याच नावानं टाकली आहेत. भलत्याच नावानं. फोटो नाही. ऑफिसमध्ये कुणाला माहीत नाही, घरी माहीत नाही. सगळ्यात जास्त ऐकलं गेलेलं गाणं त्रेचाळीस वेळा ऐकलं गेलंय, आणि त्यातले निम्मे वेळा मीच.

मी स्वतःला काय सांगायचो? माइक चांगला नाही. खोलीत प्रतिध्वनी येतो. चांगलं इंटरफेस घेतलं की मग नीट करू, मग सांगू सगळ्यांना. चार ट्रॅकच्या कॅसेटवर अख्खा अल्बम करणाऱ्या माणसाची गोष्ट वाचल्यावर ही सबब काही टिकली नाही. मग खरं कारण समोर आलं. मला काउंटरपाशी उभं राहायचं नाहीये.

विचार करा ना. अपलोड केलं की गाणं जगभर पोचतं म्हणतात. पण त्यात कुणी तोंडावर नाही म्हणत नाही. कुणी ऐकलं नाही तर अल्गोरिदमवर ढकलता येतं. रेमो दुकानात कॅसेट घेऊन जायचा तेव्हा समोर माणूस असायचा. तो विचारणार, कोणाची आहे? आणि याला म्हणावं लागणार, माझी. कॉस्टेलोनं हॉटेलबाहेर वेगळं काय केलं? तोच प्रकार. घरी एकट्यानं रेकॉर्डिंग करण्याचं आपल्याला कौतुक वाटतं, पण बंद खोलीत एकटं काम करायला आपण सगळेच तयार असतो. आपल्याला, म्हणजे मला तरी, अवघड जातं ते पुढचं.

रेमोचं पुढे काय झालं ते पटकन सांगतो. १९८५ मध्ये 'ओल्ड गोअन गोल्ड'. त्याच वर्षी श्याम बेनेगलांचा 'त्रिकाल' आला, गोव्यावरचा, त्यात तो गायला. १९८६ मध्ये 'पॅक दॅट स्मॅक', नशेच्या विरोधातली गाणी, आणि त्याच वर्षी तेव्हाच्या पूर्व जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या गीत महोत्सवातून बक्षिसं घेऊन आला. १९८७ मध्ये 'बॉम्बे सिटी' आणि 'जलवा' सिनेमाचं गाणं. ज्यांना रस नव्हता अशा मोठ्या कंपन्या आता विचारायला लागल्या. मग हम्मा हम्मा. २००७ मध्ये पद्मश्री. २०२१ मध्ये आत्मचरित्र. हे सगळं ठीक आहे. पण १९८४ मध्ये स्कूटरला किक मारताना यातलं काहीच त्याला माहीत नव्हतं. त्याच्यासारखे किती जण स्कूटर घेऊन निघाले असतील आणि त्यांना पद्मश्री मिळाली नाही. पप्पांनाही नाही मिळाली. माझी बीटेकची फी मात्र त्याच स्कूटरवरून आली.

तर गेल्या रविवारी मी पप्पांना म्हटलं, एक ऐका जरा. ते टीव्हीसमोर होते. इअरफोन त्यांना जमत नाही, म्हणून फोन कानाला लावून ऐकलं, कॉल आल्यासारखं. अख्खं ऐकलं. मी स्वयंपाकघराच्या दारात उभा. साडेतीन मिनिटं एवढी लांब असतात हे मला माहीत नव्हतं.

फोन खाली ठेवून म्हणाले, "कोण गातंय?"

मी म्हटलं, "मी."

"शब्द कळत नाहीत रे. आवाज मुद्दाम बारीक केलायस का?"

केला होता. माझा आवाज मी गिटारच्या मागे ढकलला होता, वर भरपूर रिव्हर्ब ओतला होता. प्रत्येक गाण्यात करतो. मी काही बोललो नाही. ते म्हणाले, "सॅम्पल दाखवायचं तर पूर्ण उलगडून दाखवायचं. अर्धी घडी दाखवलीस तर पार्टीला वाटतं आत फाटलंय."

आणि मग मी त्यांना आठवीतलं ते दुकान आठवतंय का असं विचारलं. म्हणाले, "कुठलं? अशी शंभर दुकानं होती." एवढंच. परत टीव्ही लावला.

त्या रात्री मी गाणं पुन्हा मिक्स केलं. आवाज चार डेसिबल वर, रिव्हर्ब जवळजवळ काढून टाकला. एका ठिकाणी सूर हललाय, तो हललेलाच ठेवलाय. सोमवारी ट्रेनमधल्या आमच्या ग्रुपला ऐकवलं. एकाला आवडलं, एक म्हणाला चाल कुठेतरी ऐकल्यासारखी वाटते, तिसरा कल्याण येईपर्यंत झोपला होता. मी जिवंत आहे.

आता हा एपिसोड संपल्यावर तेच गाणं लागेल. यावेळी माझ्या खऱ्या नावानं. आवडलं नाही तर तेही सांगा, अगदी स्पष्ट सांगा. आणि तुमच्याकडे असं काही लपवलेलं असेल, कविता, चित्रं, एखादं अॅप, काहीही, तर निदान एका माणसाला समोर बसवून दाखवा. लिंक पाठवू नका. समोर बसवा.

चला, भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. काळजी घ्या, आणि फास्ट ट्रेन सोडू नका.