देव्हाऱ्यातलं नाणं

लोकलमध्ये ऐकत असाल तर आवाज जरा वाढवा, आज मी हळूच बोलणार आहे.

गेल्या आठवड्यात कोपरखैरण्याच्या एका मुलाचा व्हॉइस मेसेज आला. "दादा, दारू सोडून नव्वद दिवस झाले होते. मीटिंगमध्ये नाणं मिळालं. परवा परत प्यायलो. आता ते नाणं परत देऊ का? खिशात ठेवायची लाज वाटते."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या, म्हणजे एएच्या ग्रुपमध्ये दारू न पिता काढलेल्या दिवसांचं नाणं देतात. महिना, तीन महिने, सहा महिने, वर्ष. प्रत्येक ग्रुपची रीत थोडी वेगळी असते. वर्ष झालं की 'वाढदिवस', टाळ्या, कधी केक. त्या नाण्यावर टपरीवाला कटिंगसुद्धा देणार नाही. पण ते हातात पडलं तेव्हा माझे हात थरथरत होते, आणि या वेळी दारूमुळे नाही.

एए सुरू झालं १९३५ मध्ये, अमेरिकेतल्या ॲक्रन गावात. तिथल्या सेंट थॉमस हॉस्पिटलमध्ये सिस्टर इग्नेशिया नावाच्या नन होत्या. उपचार संपवून घरी निघालेल्या पेशंटच्या हातात त्या एक छोटा धार्मिक बिल्ला ठेवायच्या. अट एकच. परत प्यावंसं वाटलं, तर पहिला घोट घेण्याआधी हा बिल्ला मला आणून द्यायचा. काय डोकं आहे बघा! बाईंनी प्यायला बंदी घातलीच नाही. ग्लास आणि माणूस यांच्यामध्ये फक्त स्वतः जाऊन उभ्या राहिल्या.

हे मी तात्यांना सांगितलं तर ते हसले. तात्या माझे स्पॉन्सर, म्हणजे ग्रुपमधले माझे वाटाडे. खरं नाव सांगत नाही, माझंही नाही, तीही तिथली रीत. मूळचे साताऱ्याकडचे, सगळी हयात वाशीच्या एपीएमसी मार्केटात माथाडी म्हणून गोण्या वाहिल्या. गळ्यात तुळशीची माळ. म्हणाले, "आमच्याकडं हे आधीपासनं हाय की. माळ घातलेल्याला कुणी दारूचा आग्रह करत न्हाय. आन् प्यायचीच असंल तर आधी माळ काढून खुंटीला टांगावी लागती. मी दोनदा टांगलीय. तेवढा येळ लागतो बघ, खुंटीपर्यंत जायला."

माझ्याकडे तो वेळ नव्हता. सांगतो.

मी जानेवारीत सोडली. जुलैमध्ये सहा महिन्यांचं नाणं घेऊन नेरूळला घरी आलो आणि आईला दाखवलं. तिने ते हळद-कुंकू लावून देव्हाऱ्यात ठेवलं, अन्नपूर्णेच्या शेजारी! मला हसू आलं, बरंही वाटलं. तीनेक आठवड्यांनी गटारी. ऑफिसची पोरं कर्जतला फार्महाऊसवर निघाली. म्हटलं, जाऊ, कोल्ड्रिंक घेऊ. रात्री अकराला ग्लास हातात होता आणि नाणं देव्हाऱ्यात.

दुसऱ्या दिवशी मोबाईलमधल्या ॲपवर बटण दाबलं. १९८ चं शून्य झालं. ॲपला काय, ते शून्यच दाखवणार. पण संध्याकाळी आईने नेहमीसारखा दिवा लावला. नाण्यालाही हात जोडले. तिला अजून माहीत नव्हतं, आणि मी सोफ्यावर बसून बघत होतो. तसली शिक्षा शत्रूलाही नको.

रात्री सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. नाणं मात्र तिने काढलं नाही.

तात्यांना म्हटलं, ते परत करतो. ते चिडले. "ते सहा म्हैने तुझ्या जागी दुसरं कुनी ऱ्हायलं व्हतं का?"

म्हणून मित्रा, नाणं ठेव. मोजणी पुन्हा एकपासून कर, त्यात लबाडी नको. पण ते नव्वद दिवस झालेच नाहीत असं समजू नकोस. आणि ते कपाटात टाकू नकोस, चाव्यांसोबत खिशात ठेव. स्टेटसला फोटो टाकायचा का, हेही बरेच जण विचारतात. स्वतःच्या नाण्याचा टाकायचा तर टाका. मीटिंगमधल्या दुसऱ्या कुणाचा चेहरा त्यात चुकूनही नको. मी स्वतः टाकत नाही. शंभर लाईक्स आले की काम झाल्यासारखं वाटतं मला.

एक महत्त्वाचं. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम स्वतःच्या मनाने बंद करू नका, फिट येऊ शकते, जिवावर बेतू शकतं. आधी डॉक्टर. सरकारची मोफत हेल्पलाइन आहे, १४४४६.

या महिन्यात माझं वर्ष झालं. तात्यांनी नवं नाणं आणलंच नाही. स्वतःचं जुनं दिलं, अक्षरं पार झिजलेली. त्यांनाही ते कुणीतरी दिलेलं. म्हणाले, "हे तुझं न्हाय. पुढच्याचं हाय, तवर सांभाळ." आईने लगेच हात पुढे केला. म्हटलं, आई, हे देव्हाऱ्यात नाही, हे माझ्यासोबत फिरणार.

तर कोपरखैरण्याच्या मित्रा, रविवारी मीटिंगला ये. नव्वदचं नाणं घेऊनच ये. एकट्याने आत शिरायला जड जाईल, मला माहितीय. मेसेज कर, मी संध्याकाळी साडेपाचला नेरूळ स्टेशनच्या तिकीट खिडकीपाशी उभा असेन.