खाणीच्या वहीतले गाव



माझी ओळख करून देताना आपल्या चिटणिसांनी मला या तालुक्याचा सुपुत्र म्हटले. त्यात त्यांचा काही दोष नाही. माझ्या शाळेच्या दाखल्यावर आणि माझ्या वडिलांच्या नोकरीच्या सर्व कागदांवर मूळ गाव निलंगा असेच लिहिलेले आहे. आपण छापलेल्या कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे वडिलांचे म्हणून एक नाव आहे आणि त्यापुढे आडनाव आहे. ते नाव माझ्या वडिलांचे नव्हे, ते आडनाव आमचे नव्हे आणि निलंगा हे आमचे गाव नव्हे. वडील मुखेड तालुक्यातले. ते जाऊन आता पुष्कळ वर्षे झाली, आईही गेली, म्हणून हे बोलतो. ते हयात असताना बोललो असतो तर त्यांच्या भाकरीवर गदा आली असती.

विषय ‘कोळशाच्या गावातले लहानपण’ असा ठेवला आहे, आणि मी विषय सोडून बोलत नाही. जिथे प्रत्येक घर दुसरीकडून आलेले असते तिथले लहानपण सांगायचे, तर ते घर कोठून आले आणि कोणाच्या नावाने आले हे आधी सांगावेच लागते.

ते गाव म्हणजे चांदा. सरकारी दप्तरात चंद्रपूर. जुनी माणसे चांदाच म्हणत. वर्धा नदीच्या खोऱ्यातून खाली गोदावरीच्या काठाने तेलंगणापर्यंत कोळशाचा एक लांबच लांब पट्टा गेला आहे. वरोऱ्याची खाण १८७१ साली सुरू झाली आणि १९०६ साली बंद पडली. त्याच १८७१ साली किंग नावाच्या भूगर्भशास्त्रज्ञाला निजामाच्या मुलखात येल्लंदूजवळ कोळसा सापडला. त्यातूनच पुढे सिंगरेणीच्या खाणी उभ्या राहिल्या. तेव्हा कोळशाचे नाव आपल्या भागाला अगदीच परके नव्हते. परंतु माझे वडील काही कोळशाच्या ओढीने गेले नाहीत. त्यांना बाहेर काढले ते १९७२ च्या दुष्काळाने. मी तेव्हा दोन वर्षांचा होतो. दुष्काळी कामावर खडी फोडून, मिलो आणि सुकडी खाऊन त्यांनी काही महिने काढले. मग कोणी सांगितले की चांद्याच्या खाणींत ठेकेदार माणसे घेतो आहे. मुदखेडहून आदिलाबादच्या लहान गाडीने आणि तेथून मिळेल त्या ट्रकने आईवडील मला घेऊन डिसेंबरात तेथे पोचले.

खाणीचे नाव मी सांगत नाही. ठेकेदाराने वडिलांना बदली माणूस म्हणून घेतले. म्हणजे ज्या दिवशी कोणी आला नाही त्या दिवशी काम. झोपडी दुसऱ्या एका माणसाबरोबर वाटून घेतली होती. तो माणूस निलंग्याचा. तो वडिलांहून सात-आठ वर्षांनी मोठा, कायमच्या हजेरीवर असलेला लोडर. लोडर म्हणजे सुरुंगाने पाडलेला कोळसा टोपलीने टबात भरणारा. जमिनीखाली कोळशाचेच खांब राखून त्यांच्या मधून रस्ते काढायचे, आणि शेवटी मागे सरत सरत तेही खांब काढून घ्यायचे, अशी ती पद्धत. खांब निघाले की वरचे छत खाली येते. माणसाने त्याच्या आधी निघून यायचे असते. जानेवारीत शेजारच्या जागेवर छत आले आणि एक लोडर खाली सापडला. निलंग्याचा माणूस त्या रात्री जेवला नाही. “गावाकडं उपाशी मरीन, पर वर आभाळ तरी दिसंल,” एवढे वडिलांना बोलला आणि पहाटे निघून गेला. आठवड्याचा पगारसुद्धा उचलला नाही. मुनशीला माणसाची गरज होती आणि वहीत खाडाखोड नको होती. तो वडिलांना म्हणाला, “उसके नाम पे खडा हो जा.”

यानंतर काही दिवसांतच, ३० जानेवारी १९७३ रोजी, सरकारने देशातल्या उरलेल्या खाजगी कोळसाखाणींचा ताबा घेतला. १ मे रोजी त्यांचे राष्ट्रीयीकरण झाले. ज्याचे नाव हजेरीवर तो सरकारी खाणीचा कायम कामगार झाला. नव्या वह्या लिहिल्या गेल्या. खाण कायदा १९५२ चा; त्याखालच्या १९५५ च्या नियमांप्रमाणे प्रत्येक खाणीला एक वही ठेवावी लागे, तिला आमच्याकडे बी फॉर्म म्हणत. मजुराचे नाव, बापाचे नाव, वय, राहणारा कोठला, कामावर लागला केव्हा, आणि शेवटी सही किंवा अंगठा. आमच्या वडिलांच्या ओळीत नाव, बाप, गाव आणि वय त्या माणसाचे आहे. अंगठा तेवढा वडिलांचा आहे.

राष्ट्रीयीकरणाने खाणकामगाराचे कल्याण केले हे मी केवळ युनियनचा माणूस म्हणून म्हणत नाही. ठेकेदाराच्या झोपडीतून क्वार्टरमध्ये आम्ही गेलो, १९७५ पासून वेतनकरार लागू झाला, घरात दर महिन्याला मोजून पैसे येऊ लागले. पण त्या याद्या कशा झाल्या याची नीट चौकशी कोणी केली नाही. कधीच खाली न उतरलेली माणसे वहीत आली आणि वर्षानुवर्षे कोळसा भरलेली माणसे बाहेर राहिली. अशी प्रकरणे मी पुढे पस्तीस वर्षे हाताळीत आलो आहे.

आता लहानपण. आमच्या लाईनीत एका भिंतीला छत्तीसगढी, दुसऱ्या भिंतीला तेलुगू, समोर गोरखपूरकडचे कुटुंब. मुले सगळ्यांची भाषा बोलत. संध्याकाळी दारोदारी शेगड्या पेटत. कच्च्या कोळशाचा धूर निघून जाईपर्यंत त्या बाहेर ठेवायच्या आणि लाल झाल्यावर आत घ्यायच्या. त्या अर्ध्या तासात समोरचे माणूस दिसत नसे. पाळीचा भोंगा वाजला की आई हातातले काम थांबवून उभी राहायची आणि पोरे किती आवाज झाले ते मोजायची. अवेळी वाजला तर सगळी लाईन खाणीच्या तोंडाकडे धावत सुटायची. वडिलांच्या पाठीवर आणि कोपरांवर निळ्या रेघा होत्या. जखमेत कोळशाची भुकटी राहून वर कातडी धरली की तो निळा डाग जन्मभर जात नाही. मला लहानपणी वाटे, बाप झाला की माणूस निळा होतो.

पायाखालची जमीन पोकळ आहे हे आम्हाला कळत्या वयापासून ठाऊक होते. २०२२ च्या ऑगस्टमध्ये घुग्घूसला एक राहते घर भुईत गडप झाले, माणसे वेळीच बाहेर पडली म्हणून वाचली. त्याची बातमी सगळीकडे झाली. आम्हा खाणीच्या पोरांना तिचे दुःख झाले, नवल वाटले नाही.

लाईनीतल्या सगळ्यांना एक गोष्ट होती, ती म्हणजे मुलूक. मूळ गावाला तिकडे मुलूक म्हणतात. छत्तीसगढी माणूस पिकाच्या वेळी मुलूकला जाई आणि तांदळाचे पोते घेऊन येई. गोरखपूरवाला लग्नसराईत पत्र्याची पेटी रंगवून घेऊन जाई. परत आलेल्या पोरांच्या अंगाला आठ दिवस वेगळाच वास असे. आम्ही कोठे जात नसू. आईला विचारले तर म्हणायची, “आपला मुलूक पावसात वाहून गेला.” दुष्काळात घर सोडलेली बाई हे म्हणत होती, हे मला मोठेपणी उमगले.

चांद्याला महाकालीचे देऊळ आहे, गोंड राणी हिराईचे नाव त्याच्याशी जोडलेले आहे. चैत्रात तेथे मोठी यात्रा भरते आणि तिला सर्वांत जास्त लोक येतात ते मराठवाड्यातून, त्यातही नांदेडकडून. आपल्यापैकी काहीजण गेले असतील. झरपट नदीच्या काठाला आठ दिवस आपल्या बोलीचा बाजार भरतो. आई त्या दिवसांत रोज मला घेऊन नदीवर जाई आणि डोक्यावरचा पदर पुढे ओढून घोळक्या-घोळक्यातून विचारत फिरे, मुखेडकडचं कोण हाय का. वडील मात्र यात्रेत रातपाळी मागून घेत आणि दिवसा दार लावून झोपत. मी आठ वर्षांचा असताना एका म्हातारीने आईला ओळखले, माझी हनुवटी धरली आणि विचारले, “ह्यो अमक्याचा का?” तिने घेतलेले नाव मी कधी ऐकले नव्हते. मी नाही म्हणणार तोच आईने माझा हात इतका दाबला की बोटे दुखली. त्या नदीकाठी मी माझ्या बापाचे नाव पहिल्यांदा ऐकले, आणि ते त्याचे आहे हे मला कळले नाही.

आणि मग निलंगा. कामगाराला मूळ गावी जाण्यायेण्याचे भाडे मिळत असे. वर्षानुवर्षे वडिलांनी ते घेतले नाही. तेव्हा कचेरीतल्या बाबूने सहज चेष्टेने विचारले, “तुला गाव नाही काय रे?” चेष्टाच ती, पण वडिलांनी आठ दिवसांत रजा टाकली. १९८३ चा उन्हाळा असेल. गाड्या बदलीत आम्ही उदगीरला उतरलो आणि एस.टी.ने येथे आलो. वडिलांच्या कागदावर जिल्हा उस्मानाबाद होता आणि येथल्या पाट्यांवर जिल्हा लातूर. तो आदल्या वर्षीच्या ऑगस्टात नवा झाला होता. त्या पाट्या पाहून वडील घाबरले. चुकीच्या गावी आलो असे त्यांना वाटले.

आपल्या नीलकंठेश्वराच्या देवळाशी आम्ही दोन रात्री काढल्या. येथे आमचे कोणी नव्हते. मी बारा वर्षांचा, मला वाटले आता आजी भेटेल, चुलते भेटतील. वडील सकाळी उठून एस.टी. स्टँडवर जाऊन बसत. कोणाशी बोलत नसत. उतरणाऱ्या प्रत्येक माणसाकडे बघत आणि मग मान फिरवीत. तिसऱ्या दिवशी तिकिटे नीट घडी करून खिशात घातली आणि आम्ही परत निघालो. लाईनीत सगळ्यांनी विचारले, मुलूक कसा आहे? मी सांगितले, देऊळ फार चांगले आहे.

खरी हकीगत वडिलांनी सांगितली १९९० साली, मी नोकरीचा अर्ज भरीत होतो त्या रात्री. आई खाणीच्या तोंडावर कोळशातला दगड वेचणारी कामिन होती. बायकांना कायद्याने खाली उतरता येत नसे. ती बंदी २०१९ साली सैल झाली. आईने नोकरी सोडून ती मला दिली, तशी तेव्हा सोय होती. म्हणजे माझ्या नोकरीला आधार असलेले नाव निदान खरे होते. अर्जात बापाचे नाव लिहिताना वडील म्हणाले, “थांब,” आणि सगळे सांगितले. मी त्याच नावाने अर्ज भरला. दुसरे नाव कागदावर कोठेच नव्हते. तेव्हापासून आजपर्यंत जातीचा दाखला मी काढलेला नाही. कोणाच्या जातीचा काढणार?

१९९३ च्या सप्टेंबरात भूकंप झाला तेव्हा आम्ही कामगारांनी जमवलेले धान्य आणि घोंगड्या घेऊन मी या भागात आलो. त्या माणसाची शेती तेरणेच्या काठी आहे एवढे वडिलांना आठवत होते. मी दोन ठिकाणी विचारूनही पाहिले. पण लोक आपलीच माणसे ढिगाऱ्याखाली शोधीत होते. तेथे मी वीस वर्षांपूर्वीच्या एका माणसाचे नाव काय घेत बसणार? सामान उतरवले आणि परत गेलो.

खाणकामगारांच्या वयाचे तंटे हा माझा विषय. ठेकेदाराच्या मुनशीने अंदाजाने टाकलेले वय चुकीचे आहे, हे त्या ७६ क्रमांकाच्या सूचनेखाली सिद्ध करायचे असते. रातपाळीत पंपाजवळ बसून मी ते नियम वाचून काढले आणि पुष्कळांची चार-पाच वर्षे त्यांना परत मिळवून दिली. २००१ साली माझे वडील वहीप्रमाणे साठ वर्षांचे झाले आणि निवृत्त झाले. खरे वय बावन्न. आठ वर्षांचा पगार गेला, आणि १९९८ च्या योजनेप्रमाणे मिळणारी पेन्शन त्या मानाने कमी झाली. लाईनीतले लोक मला हसून म्हणत, जगाच्या केसेस लढतोस, बापाची का नाही? काय लढणार? वहीतले वय बरोबरच होते. त्या माणसाचे होते. वडिलांनी ह्याबद्दल कधी कुरकूर केली नाही. “ज्याच्या नावाचं खाल्लं त्याचं वय बी आपणच सोसायचं,” म्हणाले.

शेवटच्या आजारपणात त्यांनी मला एकच काम सांगितले. तो माणूस जो आठवड्याचा पगार टाकून गेला, तो वडिलांनी त्याच्या नावावर अंगठा देऊन उचलला होता. अठ्ठावीस रुपये. ते त्याला पोचवायचे राहिले. नोकरी, क्वार्टर, आमचे शिक्षण यांचा हिशेब त्यांनी काढला नाही; तो फिटणार नाही हे त्यांना माहीत होते. अठ्ठावीस रुपयांचा तेवढा काढला.

आपले निमंत्रण आले तेव्हा मी ताबडतोब होकार दिला तो यासाठी. नाव आपल्या हातातल्या पत्रिकेत आहे, माझ्या नावापुढचे. उंच माणूस, डाव्या हातावर मारुती गोंदलेला, उजव्या हाताची करंगळी अर्धी. १९७२ च्या पावसाळ्याआधी चांद्याला गेलेला आणि १९७३ च्या जानेवारीअखेर तेथून निघालेला. घरी पोचला की नाही हेही आम्हाला माहीत नाही. आज असले तर वय चौऱ्याऐंशी-पंचाऐंशी असेल. नसले तर मुले, नातवंडे कोणी असतील. त्यांच्याकडून काही मागायचे नाही, त्यांच्या कागदांना हात लावायचा नाही. ज्यांना काही माहिती असेल त्यांनी कृपा करून मला भेटावे. आज रात्री आणि उद्या दुपारच्या एस.टी.पर्यंत मी आपल्या वाचनालयाच्या खोलीत आहे.