पडलेल्या खोडाच्या फळ्या आणि दंतचक्राचे दात

अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत आणि घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत रस्त्यांच्या कडेला वाढलेले वर्षावृक्ष, सोनमोहर आणि गुलमोहर पावसाळ्यात उन्मळून पडतात, तेव्हा वाहतूक मोकळी करण्याच्या घाईत त्यांच्या खोडांचे जागेवरच लहान तुकडे होतात. १७ मे २०२१ रोजी मुंबईजवळून गेलेल्या तौक्ते चक्रीवादळानंतर उपनगरांत हेच झाले. ज्या खोडातून हातभर रुंदीच्या फळ्या निघू शकतात त्याचे सरपण व्हावे, ही मोठी हानी आहे. ती टाळण्याचा एक मार्ग म्हणजे ओंडका वखारीत न नेता तो पडला तेथेच, किंवा जवळच्या मोकळ्या आवारात, चेनसॉने लांबीच्या दिशेने चिरणे. अर्थात १९७५ च्या महाराष्ट्र वृक्ष संरक्षण व जतन अधिनियमानुसार महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाकडून परवानगीचा आणि लाकडाच्या मालकीचा प्रश्न त्याआधी सुटलेला असला पाहिजे.

या कामासाठी चेनसॉच्या पट्टीला, म्हणजे जिच्याभोवती साखळी फिरते त्या बारला, लोखंडी किंवा ॲल्युमिनियमची चौकट आवळतात. तिला अलास्कन मिल म्हणतात. चौकट ओंडक्याच्या माथ्यावरून सरकते आणि ठरवलेल्या जाडीची फळी सुटते. झाड आडवे तोडताना करवतीचे दात तंतू छेदतात. लांबीने चिरताना मात्र खाचेच्या तळाशी तंतूंची टोकेच समोर येतात, आणि ती खरवडून काढण्यास बरीच अधिक शक्ती लागते. म्हणून चिरकामाच्या साखळीत दातांच्या वरच्या पात्याचा कोन नेहमीच्या ३० अंशांऐवजी साधारण १० अंश ठेवतात, आणि इंजिनाला एकेका फळीसाठी कित्येक मिनिटे पूर्ण वेगात ओझे वाहावे लागते.

हे ओझे इंजिनाकडून साखळीकडे पोहोचवणारा भाग म्हणजे क्लचच्या ड्रमवर बसणारे दंतचक्र, अर्थात स्प्रॉकेट. मोठ्या सॉमध्ये ते बहुधा सुटी निघणारी रिम असते, त्यामुळे झिजल्यावर पूर्ण ड्रम न बदलता एवढाच भाग बदलता येतो. त्याची पहिली अट पिचची आहे. साखळीच्या लागोपाठच्या तीन रिव्हेटांमधील अंतराचा निम्मा भाग म्हणजे पिच. तो साखळीचा, दंतचक्राचा आणि बारच्या टोकावरील चाकाचा एकच असावा लागतो. तीन-अष्टमांश इंचाच्या साखळीत तो सुमारे ९.५३ मिलिमीटर असतो. याच नावाची पण कमी उंचीची जी बारीक साखळी मिळते ती अरुंद खाच पाडते आणि लाकूड वाचवते. तिला तिच्याच मापाची रिम आणि बार लागतात.

निवडीचा खरा प्रश्न दातांच्या संख्येचा आहे. चक्राच्या एका फेरीत दर दातामागे साखळी दोन पिच पुढे सरकते, म्हणून सात दातांवर ती सुमारे १३३ मिलिमीटर, तर आठ दातांवर १५२ मिलिमीटर धावते. मिनिटाला १०,००० फेऱ्यांच्या वेगात हा फरक सेकंदाला सुमारे २२ आणि २५ मीटर असा दिसतो. मात्र त्याच इंजिनाची साखळीवरची ओढ आठ दातांवर सुमारे साडेबारा टक्क्यांनी घटते. वेग पाहून आठ दातांचा मोह होणे स्वाभाविक आहे, पण रुंद ओंडक्यात हा हिशेब उलटतो. समजा, आठ दातांवर ओझ्याने इंजिन ८,००० फेऱ्यांवर घसरले आणि सात दातांवर ते ९,५०० वर टिकले, तर साखळीचा वेग अनुक्रमे २०.३ आणि २१.१ मीटर येतो, म्हणजे कमी दातांचे चक्रच पुढे राहते. शिवाय इंजिन आणखी दबले तर क्लच घसरू लागतो आणि ड्रम तापून जळतो.

म्हणून उपनगरांतील वर्षावृक्षाच्या, आंब्याच्या किंवा चिंचेच्या जाड खोडांसाठी सात दात हीच योग्य सुरुवात आहे. वर्षावृक्षाचे तंतू एकमेकांत गुंतलेले असतात आणि चिंचेचे लाकूड फारच कठीण व जड असते, त्यामुळे तेथे ९० घनसेंटिमीटरच्या सॉलाही ओढ लागते. आठ दातांची रिम मोठ्या इंजिनावर, ६० सेंटिमीटरपेक्षा कमी रुंदीच्या गुलमोहरासारख्या मऊ लाकडात, किंवा बारीक खाच पाडणाऱ्या साखळीबरोबर सार्थ ठरते. तिचा घेर मोठा असल्याने साखळीला थोडी अधिक लांबी लागते, आणि ताणाच्या पेचात तेवढी जागा उरली नसेल तर एक जोडकडी वाढवावी लागते.

रस्त्याकडेच्या खोडात खिळे, जाहिरातींच्या तारा आणि जुने हूक झाकले गेलेले असतात. धातूवर आपटलेली साखळी बोथट होते, आणि बोथट साखळीत दातांची कोणतीही संख्या इंजिनाला वाचवत नाही. म्हणून चिरण्यापूर्वी धातुशोधकाने खोड तपासणे आणि चौकटीवर बारच्या टोकाकडे जादा तेलाची सोय करणे या दोन्ही गोष्टी दंतचक्राच्या निवडीइतक्याच निकडीच्या आहेत. नवी साखळी जुन्या चक्रावर चढवणेही घातक असते, कारण साखळीच्या कड्यांनी दातांवर पाडलेली खाच अर्ध्या मिलिमीटरहून खोल झाली की ते चक्र साखळी वेगाने झिजवते. सर्वसाधारण नियम असा की, दोन साखळ्या झिजल्या की रिम बदलावी.