हुकमाचं पान आधी की शेवटी?
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



आपल्या ग्रुपवर हल्ली वाढदिवसांइतकेच आईवडिलांचे रिपोर्टही येतात. म्हणून आठवणी सांगायला मिळालेली पाच मिनिटं मी फुप्फुसाच्या कॅन्सरला देते. मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअरवाली आहे; पण आईच्या आजारात हा विषय शिकावाच लागला.

आईनं आयुष्यात कधी सिगारेट ओढली नाही. तरी सदाशिव पेठेत पहिला प्रश्न तोच आला! न ओढणाऱ्यांनाही हा कॅन्सर होतो, आणि त्यांच्यात ईजीएफआर या जनुकातला बदल जास्त आढळतो. त्या बदलावर नेमक्या काम करणाऱ्या गोळ्या आहेत. बदल नसेल, तर त्यांचा फारसा उपयोग नाही. म्हणून आधी जनुकतपासणी, मग औषध.

रिपोर्टला दोन आठवडे होते. नातेवाईक म्हणत, "काहीतरी सुरू करा!" डॉक्टरांनी थांबवलं. घाईत इम्युनोथेरपी दिली आणि पाठोपाठ ऑसिमर्टिनिब सुरू झालं, तर फुप्फुसाला गंभीर सूज येण्याचा धोका वाढतो. थांबणं शक्यच नसेल, तर नुसत्या केमोनं सुरुवात करता येते.

रिपोर्टमध्ये बदल सापडला, आणि पुढचा पेच आला. जेफिटिनिब जुनी, स्वस्त गोळी. ऑसिमर्टिनिब नवी, महाग. काका म्हणाले, "हुकमाचं पान शेवटी टाकावं." पत्त्यांत ठीक आहे. पण जुनीचा असर संपल्यावर साधारण निम्म्याच रुग्णांत टी-७९०-एम हा नवा बदल सापडतो, आणि दुसऱ्या फेरीत नवी गोळी मुख्यतः त्यांनाच लागू पडते. काही रुग्ण तर दुसऱ्या फेरीपर्यंत पोचतच नाहीत. राखलेलं पान हातातच राहू शकतं.

नवी गोळी न परवडणाऱ्यांसाठी मोलाचं काम मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात झालं. डॉ. वनिता नोरोन्हा, डॉ. कुमार प्रभाष आणि सहकाऱ्यांनी २०१६ ते २०१८ दरम्यान ३५० रुग्णांवर चाचणी केली. काहींना नुसतं जेफिटिनिब, काहींना सोबत केमो. आजार आटोक्यात राहण्याचा मध्यक काळ ८ महिन्यांवरून १६ वर गेला. मात्र गंभीर दुष्परिणामही सुमारे २५ टक्क्यांवरून ५१ टक्क्यांवर गेले. पुढे २०२३ मध्ये जाहीर झालेल्या आंतरराष्ट्रीय चाचणीत ऑसिमर्टिनिबला केमोची जोड दिल्यावर हा काळ १६.७ वरून २५.५ महिने झाला.

आम्हालाही केमोबद्दल विचारलं गेलं. आई म्हणाली, "मला सारसबागेपर्यंत चालत जाता आलं पाहिजे, तेवढं बघा." तिनं नुसती नवी गोळी घेतली. गोळीनं एकोणीस महिने साथ दिली. त्यांतले बहुतेक दिवस ती चालत गेली. दुसऱ्या कुणाचा निर्णय वेगळा असेल, आणि तोही बरोबर असेल.

तुमच्या घरी वेळ आलीच, तर तीन प्रश्न विचारा. जनुकतपासणीचा रिपोर्ट आला का? हे औषध थकलं, तर पुढचं कोणतं, आणि ते तेव्हा मिळेल का? आणि तिसरा, डॉक्टरांना नव्हे, रुग्णाला: तुला काय हवंय?