बाहेरचा कोण?
(वर्ध्यात युवकांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



मघाशी चहाच्या वेळेला एक पोट्टा म्हणाला, "दादा, कारखान्यात समदे बिहारीच भरले. हाकला साल्याईले." चारपाच जणांनी माना हलवल्या. म्हणून त्याच्यावरच बोलतो.

हे बोलणं जुनं आहे. १९६६ साली मुंबईत शिवसेना निघाली. 'मार्मिक'मध्ये दाक्षिणात्य अधिकाऱ्यांच्या नावांच्या याद्या छापून यायच्या. मग उडप्यांच्या हॉटेलांवर दगड पडले. मराठी माणसाचं राज्य येणार म्हणे! १९७० च्या जूनमध्ये परळचे कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांचा खून झाला, त्यात शिवसैनिकांना शिक्षा झाली. देसाई काय मद्रासी होते? १९७४ च्या जानेवारीत वरळीच्या बीडीडी चाळी पेटल्या. पँथरच्या मोर्च्यात भागवत जाधवच्या डोक्यावर वरून दगड टाकला, पोरगा जागीच गेला. भागवतची भाषा कोणती होती? १९७८ साली मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव झाला. तेव्हा आपली घरं जाळणारे कुठून आले होते, पाटण्याहून? सगळे शुद्ध मराठी, शेजारच्या आळीतले.

बाबासाहेबांनी १९५५ मध्येच भाषावार राज्यांवर लिहिताना हा धोका दाखवला होता. भाषेच्या नावानं राज्य होतं आणि सत्ता संख्येनं मोठ्या असलेल्या जातीच्या मुठीत जाते. त्याआधी १९४९ च्या नोव्हेंबरात, घटना समितीत त्यांनी तोंडावर सांगितलं, की जातीच राष्ट्राच्या विरोधात आहेत. म्हणजे देशद्रोहाचा खटला भरायचाच तर पहिला आरोपी ठरलेला आहे. त्याला कोणी हात लावत नाही.

हात कोणाला लागतो ते आपल्या वर्ध्यानंच पाहिलं. २०१९ चा ऑक्टोबर. गांधींच्या नावाचं हिंदी विद्यापीठ. पोरं पंतप्रधानांना पत्रं लिहायला जमली. झुंडीनं माणसं मारली जातात, त्याबद्दल लिहायचं होतं. बस, पत्र! निवडणुकीच्या आचारसंहितेचं कारण दाखवून सहा जणांना काढून टाकलं. कोण होते सहा? दलित आणि ओबीसी. देशभर बोंब झाली तेव्हा चार दिवसांत आदेश मागे घेतला.

आता कारखान्याकडे या. बिहारी पोट्टा इथं काहून येते? ठेकेदार आणते म्हणून. त्याची युनियन नाही, ओळख नाही, कमी पैशात बारा बारा तास राबतो. बाहेरच्या मजुराला इथल्याएवढीच मजुरी द्यावी लागेल, असं १९७९ च्या कायद्यात लिहून ठेवलं होतं. किती ठेकेदारांनी दिली? तुम्ही त्या पोट्ट्याला बदडलं तर ठेकेदार ओडिशातून दुसरा आणील. तुमचा भाव वाढणार नाही.

आणि ८ मे २०२० विसरलात? करमाडजवळ रुळांवर झोपलेले सोळा मजूर मालगाडीखाली गेले. जालन्याच्या पोलाद कारखान्यातले. लॉकडाऊनमध्ये काम गेलं, गाडी नाही, म्हणून रुळांच्या कडेनं मध्य प्रदेशात घराकडे चालत निघाले होते. आपल्याकडे त्यांना परप्रांतीय म्हणतात. बहुतेक गोंड होते, आर्वी-कारंजाच्या आपल्या गोंडांचेच भाऊबंद! ह्या जमिनीवर त्यांच्याहून जुनं कोण आहे ते मला कोणी सांगावं.

गावकुसाबाहेर ज्यांच्या पिढ्या गेल्या त्यांच्या तोंडी 'बाहेरचा' हा शब्द येतो तेव्हा मला लाज नाही, राग येतो. तो शब्द आपल्यासाठी घडवलेला होता.

तर गेटवर जायचं का? जाऊ. दगड घरी ठेवा. मजुरीचं रजिस्टर मागू, ठेकेदाराचं लायसन मागू. आणि त्या पोट्ट्यांना आधी आडनावं विचारा. पासवान निघतील, मांझी निघतील. त्यांनाही संगं घ्या.