शनिवारची रात्र आणि सोमवारची तालीम

तालमींत उतरणाऱ्या तरुणाची मेहनत पाहून लोक त्याचें कौतुक करतात. त्याच्या विश्रांतीकडे मात्र फारसें कोणी पाहत नाहीं. पहाटे उठून त्यानें किती धांव घेतली, दोरीवरून किती उड्या मारल्या, वाळूच्या पोत्यावर किती फेऱ्या ठोसे घातले, याचा हिशेब वस्ताद ठेवतो, तो तरुण स्वतः ठेवतो, आणि घरचीं माणसें तो अभिमानानें शेजाऱ्यांस सांगतात. पण आठवड्याची मेहनत आटोपल्यावर शनिवारच्या सायंकाळीं तो कोठें जातो, कोणाबरोबर बसतो आणि किती वाजतां निजतो, याची नोंद कोणत्याच वहींत होत नाहीं. ही न नोंदलेली रात्र, हाच आजच्या भाषणाचा विषय आहे.

केवळ शनिवारीं मद्य घेणाऱ्या तरुण मुष्टियोद्ध्याचा युक्तिवाद ठरलेला असतो. तो व्यसनी नसतो; आठवडाभर तो मद्याला स्पर्शही करीत नाहीं. सहा दिवस कसून मेहनत केली, सातव्या दिवशीं तालीम बंद. मग आदल्या रात्रीं चार मित्रांत बसून तीन पेले घेतले, तर रविवारीं भरपूर झोंप काढून सोमवारीं आपण पुन्हां ताजेतवाने होऊं, असें तो म्हणतो. या म्हणण्याला नुसता नीतीचा उपदेश करून भागत नाहीं. त्यानें हिशेब मांडला आहे, आणि हिशेबाला हिशेबानेंच उत्तर दिलें पाहिजे. त्याच्या हिशेबांतली चूक एकाच जागीं आहे. रविवार हा रिकामा दिवस आहे, असें त्यानें गृहीत धरलें आहे.

व्यायामानें शक्ति वाढते असें सर्वजण म्हणतात. परंतु हें अर्धेंच सत्य आहे. व्यायाम चालू असतां शक्ति वाढत नाहीं, ती खर्च होते. स्नायूंचे तंतु ताणले जाऊन त्यांना सूक्ष्म इजा होते, स्नायूंत सांठलेली शर्करा जळून जाते, घामावाटे पाणी व क्षार निघून जातात. मेहनतीनंतरच्या एक-दोन दिवसांत शरीर हें नुकसान भरून काढतें, आणि भरून काढतांना पूर्वीपेक्षां थोडी अधिक भर घालतें. ही जी थोडी अधिक भर, तीच वाढलेली शक्ति. मेहनत ‘अंगीं लागणें’ असा जो मराठींतला वाक्प्रचार आहे, त्याचा खरा अर्थ हाच. आणि म्हणूनच चांगल्या वस्तादाचा मेहनतीइतकाच खुराकावर व झोंपेवर कटाक्ष असतो. शुक्रवारची आणि शनिवारची मेहनत अंगीं लागण्याचा काळ म्हणजे शनिवारची रात्र व रविवार. तेव्हां तो दिवस रिकामा नव्हे. आठवड्याचें पीक घरीं आणण्याचा तो दिवस आहे.

त्या रात्रीं शरीरांत काय घडतें, तें क्रमानें पाहण्यासारखें आहे. ६० मिलिलिटरचा एक, याप्रमाणें तीन मोठे पेले व्हिस्की म्हणजे सुमारें ६० ग्रॅम शुद्ध मद्यार्क. मद्यार्क शरीराला सांठवून ठेवतां येत नाहीं. त्याचा निकाल मुख्यतः यकृतालाच लावावा लागतो, आणि निरोगी माणसाचें यकृत ताशीं साधारणपणें ७ ते १० ग्रॅमच मद्यार्क हटवूं शकतें. म्हणजे रात्रीं ९ वाजतां बैठकीला बसलेल्या तरुणाच्या रक्तांत पहाटेपर्यंत मद्य फिरत असतें. कडक कॉफी, थंड पाण्याचें स्नान किंवा धांवून गाळलेला घाम, यांपैकीं कशानेंही हा वेग वाढत नाहीं. यकृत या एका कामांत गुंतलें म्हणजे रक्तांत नवी शर्करा पुरविण्याचें त्याचें नेहमींचें काम मागें पडतें. आणि उपाशी पोटीं धांवावयास निघालेल्या तरुणाचे पाय दुसऱ्या सकाळीं कां लटपटतात, याचें एक कारण येथें सांपडतें. मूत्रपिंडांनीं पाणी राखून ठेवावें अशी जी आज्ञा मेंदूकडून जाते, तीही मद्यामुळें दबते. म्हणून आधींच घामानें कोरडें झालेलें शरीर रात्रभर आणखी पाणी गमावतें. या ६० ग्रॅम मद्यार्कांत सुमारें ४२० कॅलरी असतात. परंतु त्यांत स्नायु बांधण्याजोगा एक कणही नसतो. वजनाच्या गटांत बसण्यासाठीं जो तरुण आठवडाभर भाताचा घांस मोजून खातो, त्याला ही भरती परवडणारी नव्हे. आणि सोबतचे तळलेले पदार्थ तर निराळेच.

स्नायूंच्या दुरुस्तीवर मद्याचा काय परिणाम होतो, याचा एक प्रयोग ऑस्ट्रेलियांतील संशोधकांनीं २०१४ सालीं प्रसिद्ध केला. आठ व्यायामपटु तरुणांकडून कसून मेहनत करवून घेतल्यावर त्यांना कधीं केवळ प्रथिनें, कधीं प्रथिनांबरोबर मद्य, तर कधीं पिष्टमय पदार्थांबरोबर मद्य देण्यांत आलें. मद्य घेतल्यावर प्रथिनें दिलीं असतांही स्नायूंत नवीं प्रथिनें तयार होण्याचें काम २४ टक्क्यांनीं मंदावलें. प्रथिनें दिलीं नाहींत तेव्हां तें ३७ टक्क्यांनीं मंदावलें. प्रयोगांतलें मद्याचें प्रमाण मोठें होतें, शरीराच्या दर किलोग्रॅमास दीड ग्रॅम. ६० किलोग्रॅम वजनाच्या तरुणास तें साडेचार मोठ्या पेल्यांइतकें पडेल. माणसें आठच होतीं, हेंही खरें. तरी मद्यानंतर चांगला खुराक घेतला म्हणजे सारें भरून निघतें, ही तालमींतली समजूत या प्रयोगापुढें टिकत नाहीं.

झोंपेची गोष्ट याहून महत्त्वाची. मद्यानें झोंप लवकर लागते, म्हणून ती चांगली लागली असें वाटतें. प्रत्यक्षांत रात्रीच्या उत्तरार्धांत मद्य उतरूं लागलें कीं झोंप वारंवार मोडते, नाडी नेहमीपेक्षां जलद चालते, आणि स्वप्नें पडण्याची जी निद्रेची अवस्था, तिचा काळ घटतो. दिवसा शिकलेली गोष्ट मेंदूंत पक्की होण्यास शांत व पुरी झोंप लागते, हें शास्त्रज्ञांस आतां चांगलें ठाऊक आहे. मुष्टियुद्ध हा केवळ बाहुबळाचा खेळ नव्हे. डावा हात पुढें टाकतांच उजवा हनुवटीशीं राहिला पाहिजे, प्रतिस्पर्ध्याचा खांदा हलतांच मस्तक बाजूस झालें पाहिजे. आणि हें विचार न करतां झालें पाहिजे, कारण विचार करण्यास तेथें वेळच नसतो. आठवडाभर वस्तादानें शंभरदां करवून घेतलेली हालचाल ज्या रात्रीं अंगवळणीं पडावयाची, तीच रात्र हा तरुण बिघडवून टाकतो.

सोमवारीं काय होतें? तरुण वेळेवर हजर असतो. तोंडाला वासही येत नसतो. परंतु दोरीवर पाय अडखळतो, दमसास लवकर संपतो, तिसऱ्या फेरींत हात खालीं येतात. हौशी मुष्टियुद्धाचा सामना तीन-तीन मिनिटांच्या तीन फेऱ्यांचा, आणि दोन फेऱ्यांमध्यें विश्रांति एक मिनिटाची. या नऊ मिनिटांच्या खेळांत निकाल बहुधा शेवटच्या फेरींत ज्याचे हात वर राहतात त्याच्या बाजूनें लागतो. वस्तादाला वाटतें, पोरगा आळसला. तो मेहनत वाढवतो. थकलेल्या शरीरावर वाढीव मेहनत पडली कीं दुखापत होते. मंगळवार-बुधवारपर्यंत गाडी रुळावर येते, गुरुवार-शुक्रवार चांगले जातात, आणि पुन्हां शनिवार येतो. वर्षांत ५२ शनिवार असतात. दर आठवड्याचे दोन दिवस असे वाया गेले, तर वर्षाकांठीं शंभराहून अधिक दिवसांची मेहनत पालथ्या घड्यावरचें पाणी होते. एवढे दिवस तालीम बुडवणाऱ्या मुलाला कोणताही वस्ताद ठेवून घेणार नाहीं.

परंतु याहूनही गंभीर एक गोष्ट आहे, आणि ती घरच्यांनीं अवश्य लक्षांत ठेवावी. डोक्यावर बसलेल्या ठोशानें मेंदूला धक्का पोहोंचला, तर त्याचीं लक्षणें म्हणजे डोकेदुखी, मळमळ, घेरी, उजेड सहन न होणें, चित्त न लागणें. रात्रीं घेतलेल्या मद्याचीं सकाळचीं लक्षणेंही हुबेहूब हींच. शनिवारच्या सरावांत डोक्याला मार बसलेला तरुण त्याच रात्रीं मद्य घेतो. रविवारीं डोकें ठणकूं लागलें कीं मित्र हंसतात, तोही हंसतो, आणि दोष पेल्यावर ढकलून मोकळा होतो. सोमवारीं तो पुन्हां सरावास उभा राहतो. पहिला धक्का बरा होण्यापूर्वीं दुसरा बसणें, याइतकें धोक्याचें या खेळांत दुसरें कांहीं नाहीं. डोक्याच्या आंत रक्तस्राव होऊन गुंगी येत असली, तरी नशेंत निजलेल्या माणसाविषयीं कोणाला शंका येत नाहीं. शनिवारच्या पेल्याची खरी किंमत केव्हां केव्हां या रूपानें द्यावी लागते.

हें सारें ज्याला कागदावरचें शास्त्र वाटेल, त्यानें अमेरिकेंतील जॉन सलिव्हन या मुष्टियोद्ध्याचें चरित्र पाहावें. त्याचें मद्यपान शनिवारापुरतें मर्यादित नव्हतें, ही गोष्ट खरी. परंतु मद्यासह मेहनत आणि मद्यावांचून मेहनत, यांतील अंतर त्याच्या आयुष्यांत जितकें स्पष्ट दिसतें, तितकें क्वचितच दुसऱ्या कोणाच्या दिसेल. बॉस्टन शहरांतील आयरिश कष्टकरी कुटुंबांत १८५८ सालीं त्याचा जन्म झाला, आणि १८८२ सालीं वयाच्या तेविसाव्या वर्षीं तो अजिंक्यवीर ठरला. त्याचें सामर्थ्य असें, कीं मद्यपान करूनही तो जिंकत असे; आणि हेंच त्याच्या घाताचें मूळ झालें. १८८८ सालीं तो अत्यवस्थ झाला. पुढल्या वर्षीं जेक किलरेनशीं सामना ठरला, तेव्हां त्याच्या पाठीराख्यांनीं त्याला विल्यम मल्डून नांवाच्या कुस्तीगीराच्या स्वाधीन केलें.

मल्डूननें त्याला न्यूयॉर्क प्रांतांतील बेलफास्ट या खेड्यांत आपल्या शेतावर नेलें. तेथें दूरवर चालणें, दोरीच्या उड्या, कुस्ती आणि शेतावरचीं कष्टाचीं कामें असा क्रम ठेवला. आणि शिष्य गांवांतल्या पिठ्यांकडे वळतो असें दिसतांच त्याला तेथें मद्य मिळणार नाहीं अशी तजवीज केली. ८ जुलै १८८९ रोजीं मिसिसिपी प्रांतांतील रिचबर्ग येथें, रणरणत्या उन्हांत, उघड्या मुठींनीं हा सामना झाला. तो ७५ फेऱ्या, म्हणजे दोन तासांहून अधिक वेळ चालला. चव्वेचाळिसाव्या फेरींत सलिव्हनला ओकारी झाली. चहांत मिसळून दिलेल्या व्हिस्कीचा तो परिणाम होता असें सांगतात. तरीही शेवटीं हार किलरेनच्याच बाजूनें मान्य करण्यांत आली. वर्षापूर्वीं मरणाच्या दारीं गेलेल्या मनुष्याला कांहीं महिन्यांच्या निर्मद्य मेहनतीनें एवढा दमसास दिला.

त्यानंतर तीन वर्षें त्यानें अजिंक्यपदासाठीं सामना केला नाहीं. नाटक-मंडळीबरोबर गांवोगांव फिरणें व मद्यपान यांतच तीं गेलीं. ७ सप्टेंबर १८९२ रोजीं न्यू ऑर्लिन्स येथें त्याच्यासमोर जेम्स कॉर्बेट उभा राहिला. कॉर्बेट पूर्वीं बँकेंत कारकून होता, वजनानें बराच हलका. परंतु शरीर राखलेला व पायांनीं चपळ. सलिव्हनचे ठोसे हवेंत जात राहिले, आणि एकविसाव्या फेरींत तो कोसळला. हातांतलें बळ गेलें नव्हतें. तें योग्य क्षणीं योग्य ठिकाणीं नेणारा दमसास गेला होता. पुढें १९०५ सालीं त्यानें मद्य कायमचें सोडलें, व मद्यपानाविरुद्ध व्याख्यानें देत तो फिरला. १९१८ सालीं, साठी गांठण्यापूर्वींच, तो वारला.

मल्डूनच्या वागण्यांत आजच्या वस्तादांस आणि पालकांस घेण्याजोगा एक धडा आहे. त्यानें शिष्याच्या मनोनिग्रहावर सारी भिस्त ठेवली नाहीं. त्यानें शिष्याचा परिसर बदलला. विशीच्या आंतबाहेरचा मुलगा शनिवारीं मद्याकडे जातो, तो बहुधा मद्याच्या आवडीनें जात नाहीं. सोबत्यांत वेगळें पडण्याच्या भीतीनें जातो. पहाटेपासून नियमांत राहणाऱ्या मुलाला आठवड्यांतून एकदां हंसण्याबोलण्याची भूक लागते, आणि ती भूक खोटी नसते. त्याला नुसतें ‘जाऊं नकोस’ असें सांगणारें घर त्याला एकटें पाडतें. शनिवारीं तालमींतल्याच मुलांना वस्तादानें एकत्र जेवावयास बसवावें, घरच्यांनीं आळीपाळीनें त्यांचें स्वागत करावें, रविवारीं सकाळीं हलक्या चालण्याला सर्वांनीं मिळून निघावें. एवढी सोय असली, तर पेल्याचें आकर्षण बरेंच कमी होतें. आणि सरावांत डोक्याला मार बसला असेल, तर तो त्याच दिवशीं सांगावा, रागें भरलें जाणार नाहीं, एवढा विश्वास घरांत व तालमींत दोन्हींकडे असावा.

वस्तादाच्या वहींत आणखी एक रकाना घालावा. शनिवारीं किती वाजतां निजला, रविवारीं किती वाजतां उठला, आणि सोमवारीं शेवटच्या फेरींत हात कोठें होते, एवढेंच त्यांत लिहावें. तीन महिने ही नोंद ठेवून ती वही त्या तरुणाच्याच हातीं द्यावी. हिशेब मांडणारा तो आहेच. उरलेली बेरीज तो स्वतः करील.